बाराव्या मिनिटाचं अपयश

मुलांनी आपल्या हातांनी वस्तू घडवाव्यात आणि त्यातून त्यांना शिकण्याची गोडी लागावी असा आदेश निघाल्यामुळे, चीनमधल्या छूजौ शहरातल्या एका प्राथमिक शाळेत गोडी लावण्याचं काम तिसरीच्या पांगबाईंच्या गळ्यात पडलं. गुरुवारी शिक्षण खात्याची समिती पाठ बघायला येणार होती. पाठ होता पुठ्ठ्याच्या गाडीचा. रबर पिळून सोडलं की पळणारी.

मुख्याध्यापक दोऊ यांनी आराखडा सहीनिशी मंजूर केला. बाराव्या मिनिटाला पहिलं अपयश, एकोणिसाव्याला दुसरं, एकतिसाव्याला यश आणि तेहतिसाव्याला उत्स्फूर्त आनंद.

पहिल्याच तालमीत घोळ झाला. यिंग नावाच्या नऊ वर्षांच्या मुलीने व्हिनेगरच्या बाटल्यांची झाकणं चाकं म्हणून लावली आणि तिची गाडी चौथ्या मिनिटालाच सुसाट सुटून भिंतीला धडकली. यिंग बाकावर चढून नाचली. बाईंना फार बरं वाटलं. असं काही बघायला मिळावं म्हणूनच तर त्या मास्तरकीत आल्या होत्या.

"बाई, चौथ्या मिनिटाला यश?" दोऊसाहेब कडाडले. "मग पुढची सत्तावीस मिनिटं पाहुण्यांना काय दाखवू, भिंत?"

"पण साहेब, तिची गाडी चालते..."

"तीच तर अडचण आहे! समितीला चिकाटी बघायचीय. अपयशच नाही तर चिकाटी कुठून आणू? तिला समज द्या, नाहीतर तुमची बढती विसरा."

बाईंनी यिंगला बाजूला घेतलं. "बाळा, रबर जरा सैल ठेव."

"मग ती चालणार नाही, बाई."

"हो. मग तू हनुवटीला बोट लावून विचार करायचास."

"कसला?"

"का चालत नाही, याचा."

"तुम्ही सैल ठेवायला सांगितलंत म्हणून."

सात तालमी झाल्या. तरी काही गाड्या चालायच्या थांबेनात, तेव्हा सगळ्यांची चाकं डिंकाने चिकटवण्यात आली. यशाच्या वेळी काढायला छत्तीस तयार गाड्या बाजारातून आणून बाकाखाली ठेवल्या. यिंगची गाडी कपाटात गेली.

गुरुवारी सगळं मिनिटावर पार पडलं. यिंगने हनुवटीला बोट लावलं, वर्ग दोनदा खचला, तेहतिसाव्या मिनिटाला छत्तीस मुलं आनंदली. समितीच्या अध्यक्षांनी चष्मा काढून डोळे पुसले. "बघा, ही आतून आलेली ओढ!" टाळ्यांचा कडकडाट झाला. आपणही वाजवल्या असत्या. शाळेच्या प्रदर्शनात, आपणच कापून चिकटवलेल्या आपल्या पोराच्या प्रकल्पापुढे वाजवल्या नव्हत्या का?

पाहुणे गेल्यावर बाईंनी घाईघाईने कपाट उघडलं आणि झाकणांची गाडी यिंगच्या हातात ठेवली.

"घे गं, आता चालव हवी तशी."

यिंगने रबर पिळलं. गाडी जमिनीवर टेकवली, पण सोडली नाही. तिने आधी भिंतीवरचं घड्याळ बघितलं, मग बाईंकडे.

"बाई, आधी दोनदा बिघडवायची ना?"