दोन आधी, एक नंतर

मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीत सकाळी दहापर्यंत कांबळे सरांच्या खिडकीसमोर उभं राहायची सोय नव्हती. उभं राहिलात की आतून आवाज यायचा, "पावणं, सरका की जरा! इलेक्ट्रॉन अडलाय!"

नवखा माणूस आधी स्वतःच्या चपलेखाली बघायचा.

सर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. खिडकीत त्यांची गवती चहाची कुंडी होती. सावली पडली की पानांचं काम बंद पडतं, असं त्यांचं म्हणणं. पोस्टमन, भाजीवाली, सगळ्यांना ते सरकवायचे. मतं मागायला आलेला एक उमेदवार तर त्यांनी हारासकट बाजूला केला होता.

दुसरं खूळ नंबरांचं. पानात उजेड पकडणाऱ्या दोन यंत्रणा असतात. शास्त्रज्ञांनी त्यांना नंबर देऊन टाकले आणि मागाहून कळलं, की काम आधी दोन नंबरची करते, मग एक नंबरची. सरांनी हे फार मनाला लावून घेतलं. वर्गात हजेरी दोन नंबरपासून. ताटात आधी भात, मग भाकरी. एकदा दूधकट्ट्यावर समोरच म्हैस पिळून ताजं दूध देत असताना त्यांनी रांगेतल्या दुसऱ्याला सांगितलं, "तुमी व्हा फुडं. निसर्गाचा नेम हाय." पहिला तालमीतला पैलवान होता. सर त्या दिवशी बिनदुधाचे घरी आले.

आमच्या घराचा स्लॅब टाकताना गड्यांची रांग लागली होती, घमेली हातोहात वर चालली होती. सर रांगेत घुसले आणि मला सांगू लागले.

"बघा पाटील, पान असंच चालतंय. एका रेणूनं उजेड धरला की ठिवून घेत न्हाय, शेजाऱ्याला देतोय. असं करत करत मधल्या गड्यापातूर. त्याला असला दणका बसतोय की त्याचा इलेक्ट्रॉनच उडून फुडं जातोय. उतरत उतरत त्यो दमला की एक नंबरवाला उजेडाचा दुसरा दणका देऊन त्याला परत वर चढवतोय."

"आनि ज्याचा उडाला, त्यो?" मुकादमानं विचारलं.

"त्याची जागा रिकामी ऱ्हाऊन चालत न्हाय. पाणी फुटतंय आनि ती भरतंय. न्हाईतर उजेडानंच जळंल की त्यो."

"सर, काँक्रीट वाळाय लागलंय," मुकादम म्हणाला.

संध्याकाळी पेढे द्यायला मी पहिल्यांदाच त्यांच्या घरात गेलो. खिडकीला लागून पलंग होता आणि पलंगावर काकू. लकव्यानं एक बाजू गेलेली. सकाळचं ऊन दहापर्यंत त्यांच्या पायांवर येतं, मग छज्ज्यावर चढतं, असं त्यांनीच सांगितलं. "ऊन लागलं की बोटं हलल्यासारखी वाटत्यात," म्हणाल्या. कुंडी खिडकीच्या पार वरच्या फळीवर होती. तिथवर कुणाची सावली पोचणंच शक्य नव्हतं.

मी कुंडीकडे बघतोय हे सरांनी पाहिलं. बाहेर सोडायला आले तेव्हा हळूच म्हणाले, "बायकोसाठी सरका म्हटलं की लोक कीव करत्यात. झाडासाठी म्हटलं की येडा म्हंत्यात. येडा परवडतंय."

मी त्यांना आणखी एक पेढा दिला.

काही वर्षांनी काकू गेल्या. भेटायला आलेल्यांना सर कोरड्या आवाजात सांगत होते, "आमच्यात मी एक नंबर, ती दोन. दोन आधीच की."

त्यानंतर एका सकाळी माझी स्कूटर नेमकी त्या खिडकीसमोर बंद पडली. सवयीनं मी ती पुढे ढकलायला लागलो.

"ऱ्हाऊ द्या पाटील," आतून आवाज आला. "उभं ऱ्हावा तितंच."

मी आत पाहिलं. रिकाम्या पलंगावर लख्ख ऊन पडलं होतं. सर त्याच्याकडे पाठ करून बसले होते.

"त्ये ऊन बघवत न्हाय. जरा अडवा."

स्कूटर खरं तर दुसऱ्याच किकला सुरू झाली होती. मी ती बंद केली आणि दहा वाजेपर्यंत तिथंच उभा राहून किका मारत राहिलो.