रिबनआडच्या पेशी

उज्जैनच्या फ्रीगंजमधल्या प्रयोगशाळेने पेशी वाढवायला नवा इन्क्युबेटर घेतला आणि शिरस्त्याप्रमाणे त्याला लाल रिबन बांधण्यात आली. मंत्रिमहोदय ती कापेपर्यंत दार उघडू नये, असा आदेश निघाला. अडचण एकच होती. जुना इन्क्युबेटर आदल्या संध्याकाळी बंद पडला म्हणून तिथल्या संशोधक मृण्मयीने आपल्या पेशी नव्यात हलवल्या होत्या.

न्यूमोनियाचा जिवाणू साखरेचं कवच पांघरून फिरतो. ते कवच नेमकं हेरणारी अँटीबॉडी बनवणारी एक पेशी तिला शेकडो चाळल्यावर सापडली होती. आता त्या पेशीचीच पोरंबाळं आत लाल पोषक रसात वाढत होती. रस बदलला नाही तर मरणार होती. थोड्या आधीच गोठवून ठेवल्या असत्या, पण फ्रीझरचंही उद्घाटन व्हायचं होतं.

“सर, पाच मिनिटं दार उघडते.”

“उद्घाटनाआधीच उघडलं तर उद्घाटन कशाचं?” संचालक विलास मुंगी शांतपणे म्हणाले.

“रिबन सोडून परत बांधते ना.”

“ती गाठ मंत्र्यांच्या पीएने पास केलीय. फोटो भोपाळला गेलाय, बेटा.”

आणि खबरदारी म्हणून त्यांनी रिबनीपाशी चौकीदार बसवला.

मंत्री येईनात. सकाळचा मुहूर्त दौऱ्यात गेला. संध्याकाळचा निघाला, पण खुर्चीवरचा माणूस महाकालाच्या नगरीत रात्री मुक्काम करत नाही, केला तर खुर्ची जाते म्हणतात. भाषण लांबलं तर काय घ्या, म्हणून तोही रद्द झाला. मृण्मयी काचेच्या दाराला नाक लावून बघत राहिली. रस लालचा नारिंगी झाला.

“सर, पिवळा पडायला लागलाय. पेशी मरतायत.”

“पिवळा रंग शुभच असतो की.”

अखेर मंत्री आले. कात्रीचं तबक मृण्मयीच्या हातात देण्यात आलं. रिबन कापली, दार उघडलं, टाळ्या पडल्या.

“ये पीला क्या है?” मंत्र्यांनी विचारलं.

“अँटीबॉडी, सर,” मुंगी म्हणाले. “पक गई.”

“वाह. आम की तरह.”

“मॅडम, ज़रा स्माइल,” फोटोग्राफर म्हणाला.

तिने केलं.

‘न्यूमोनियावर उज्जैनचा विजय’ असं लिहिलेला तो फोटो तुमच्याही फॅमिली ग्रुपवर आला होता. तबक धरलेली मुलगी तुम्ही नीट बघितली नाहीत. जोडलेले हात टाकलेत, ‘अभिमान वाटतो’ लिहिलंत, आणि खोकत खोकत पुढे पाठवलात.