काहीही न मिळणारा माणूस

"काका, एक सही मी करते. दुसरा साक्षीदार तुम्ही आणा," वकील त्रिशला म्हणाली. "फक्त एवढं बघा, ज्याला मृत्युपत्रात काही मिळतंय तो नको. उद्या कुणाला बोट दाखवायला जागा राहू नये."

"एवढंच व्हय?" बसवराज म्हणाले. "कोल्हापुरात मला काय माणसांचा तोटा हाय?"

हे मंगळवारी झालं. साल अठ्ठ्याण्णव. पुढच्या सोमवारी मिरजेत बसवराजांच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. शिरोली एमआयडीसीतलं वर्कशॉप त्यांनी दोन्ही मुलांच्या नावावर आधीच करून टाकलं होतं. राहतं घर मात्र बायकोला, शांतादेवींना, लिहून द्यायचं होतं. मुरगूडला दिलेल्या बसवराजांच्या आक्काला नवऱ्यामागं स्वतःच्याच घरात चहा टाकायचा तरी सुनेला विचारावं लागे. ते बघून आल्यापासून त्यांना घास गोड लागत नव्हता. आपली पोरं वाईट नव्हती. पण आक्काची पोरंही काही वाईट नव्हती. म्हणून कागद हवा होता आणि सोमवारच्या आत हवा होता.

पहिला मान अर्थातच कोडोलीच्या आकारामचा. चाळीस वर्षांची दोस्ती. बुधवारी आकाराम आला, चहा झाला, त्यानं पेनाचं टोपणसुद्धा काढलं.

"मला कुठं घातलंयस रं ह्यात?" त्यानं सहज विचारलं.

"तुला कसं घालणार? साक्षीदाराला काय द्यायचं नसतंय."

आकारामनं टोपण परत लावलं. "म्हंजे मला काय न्हाय."

"अरं, तसं न्हवं मर्दा..."

"न्हाय, असू दे की. तुझी एम-एटी गाडी पन्हाळ्याच्या घाटात तीनदा ढकलली मी. चप्पल तुटली माझी. पर असू दे."

बसवराज लोखंड कापण्यात तरबेज होते, पण समोरच्याचा पडलेला चेहरा काही त्यांना बघवायचा नाही. पाच मिनिटांत एम-एटी आकारामच्या नावे लिहिली गेली. आकारामनं डोळे पुसले, मित्राला मिठी मारली आणि तो साक्षीदार म्हणून बाद झाला.

गुरुवारी मेहुणे आले. त्यांना बाद व्हायला तांब्याचा बंब पुरला. शुक्रवारी गल्लीतले होमिओपॅथीचे डॉक्टर आले. ते काही बोलले नाहीत, नुसते कोपऱ्यातल्या रेडिओकडे बघत राहिले, आणि रेडिओ गेला. शनिवारी दूधवाला सही करायला निघालाच होता. तेवढ्यात बसवराजांनाच वाटलं, वीस वर्षं एक दिवस खाडा न करता हा माणूस दूध घालतोय, आणि आपण त्याला रिकाम्या हातानं पाठवायचं? त्याला मनगटावरचं घड्याळ लिहून दिलं.

एका पानाचा कागद चार पानांचा झाला. त्रिशलानं कपाळावर हात मारला. "काका, हे मृत्युपत्र आहे का आहेराची यादी?"

"लोक मनाला लावून घेत्यात गं."

"मग असा माणूस शोधा, ज्याला तुमच्याकडून काहीच नको."

रविवारी सकाळी बसवराज अंगणात येरझाऱ्या घालत होते. शेजारच्या गच्चीवरून आवाज आला. "शेवग्याच्या शेंगा परत माझ्या गच्चीवर पडल्यात! कुणाच्या बापाची गच्ची हाय व्हय ही?"

बोलणारे बाबासो. शेवगा बसवराजांचा, फांदी बाबासोंच्या गच्चीवर. या शेंगा कुणाच्या, यावरून अकरा वर्षं दोघांत ओरडण्यापलीकडे संबंध नव्हता. बसवराज थबकले. मग चपला सरकवून थेट शेजारच्या दारात जाऊन उभे राहिले. दार उघडून बाबासो दोन पावलं मागं सरले.

"बाबासो, तुला माझ्याकडनं काय पायजे?"

"तुझ्याकडनं? तुझ्या घरचं पाणी बी नगं मला!"

"शाब्बास! चल, सही कर."

बसवराजांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. आक्काचं सांगताना त्यांचा आवाज जरा ओला झाला. बाबासोंनी चष्मा पुसला.

"घर वहिनींना. म्हंजे शेवगा बी वहिनींचा?"

"माझ्यामागं, व्हय."

"मग मी भांडायचं कुणासंगं?" बाबासो एकदम चिडले. "वहिनींवर ओरडता येतंय व्हय मला? मुकाट्यानं बरा होऊन ये की लेका!"

त्रिशला धावत आली. बसवराजांनी सही केली, तिनं केली, मग बाबासोंनी केली, तीही लफ्फेदार. पेन परत देताना त्यांनी बजावलं, "बघ हां, मला सुतळीचा तोडा बी लिवायचा न्हाय."

ऑपरेशन नीट झालं. पंधरा दिवसांनी बसवराज घरी आले आणि अंगणात खुर्ची टाकून बसले. गेटातून बाबासो आले. हातात चिकूंची पिशवी, नजर चुकवत उभे राहिले.

"मिरजंला दोनदा आलतो," ते पुटपुटले. "काचंतनं बघून गेलो. वहिनींना म्हटलं, सांगू नगा."

बसवराजांची नजर उघड्या दारातून आत वळली. घरात काय उरलंय, याचा ते मनातल्या मनात शोध घेऊ लागले. भिंतीवरचं घड्याळ होतं. शिसवी आरामखुर्ची होती. बाबासोंना ही नजर ठाऊक नव्हती, पण एम-एटीची कथा आकारामनं सगळ्या गल्लीला सांगितली होती.

"ए! ए बसवराज! काय बी देऊ नगंस!" बाबासोंनी पिशवी खाली टाकली. "वहिनींच्या घराचा साक्षीदार हाय मी!"

"अरं, नुसती खुर्ची..."

"खुर्ची घाल चुलीत!" बाबासो गेटापर्यंत मागं हटले आणि तिथून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असे गरजले, "शेंगा माझ्या हायत! सगळ्याच्या सगळ्या!"

 बसवराज छातीवरच्या टाक्यांवर हात दाबून उठले. "एक बी देणार न्हाय!" ते ओरडले. "हात लावून तर बघ!"

आत शांतादेवींनी आवाज ऐकला आणि कुणालाही न विचारता तीन कप चहा टाकला.