मेढेकर सरांच्या मोटारीतली थंडी

समस्त मराठी वाचकांस अत्यंत जड अंतःकरणाने कळविण्यात येते की, चंदीगडच्या सेक्टर पंधरातील प्राध्यापक मेढेकर यांच्या मोटारीतली थंडी पुन्हा एकदा पळून गेली आहे. ती कुठे आढळल्यास कृपया हात लावू नये. सरांना कळवावे.

हसू नका. 'हात लावू नये' हे शब्द त्या काळी आम्ही उठताबसता ऐकत होतो. बेवारस पिशवीला हात लावू नका, डब्याला लावू नका, रस्त्यात पडलेल्या ट्रान्झिस्टरला तर मुळीच लावू नका. पंजाब पेटला होता. सूर्य कलला की दुकानांची शटरं धडाधड खाली येत. स्कूटरच्या सायलेन्सरने फट् केलं तरी अख्खा रस्ता खाली वाकायचा. मी बँकेतला माणूस, बदली होऊन आलेला, स्वभावाने ससा. रोज घरी पोचलो की मी आधी स्वतःला चाचपून पाहत असे.

आणि अशा दिवसांत माझ्या खालच्या मजल्यावर राहणारा हा मूळ कराडचा, रसायनशास्त्र शिकवणारा गृहस्थ रस्त्याच्या मधोमध मोटारीचं बॉनेट उघडून, आत अर्धा बुडून, आनंदाने ओरडायचा, "इथंच कुठंतरी लपलीय! बघतीय आपल्याकडं!"

येणारेजाणारे वाट बदलत.

लपलेली ती म्हणजे गळती. सरांनी जुन्या मोटारीला दिल्लीहून एसी बसवून आणला होता. मोटारीला एसी ही तेव्हा मंत्र्यासंत्र्यांची चैन. सर मात्र असे चिकट, की चपलेचा अंगठा तुटला तर तारेने शिवायचे. त्यामुळे सगळ्या कॉलनीला कोडं पडलेलं. एसीत गॅस भरला की आठवडाभर गारेगार, मग नुसता पंखा, मग पंख्याला वास. गॅस कुठून जातो ते काही सापडेना.

गळतीबद्दल सर घरच्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलत. "लाजाळू आहे हो फार. आपण बघायला गेलो की अंग चोरते." वहिनींनी केसांसाठी भिजवलेले रिठे ते पळवायचे, त्यांचा फेस काढायचे आणि दाढीच्या ब्रशने एसीच्या प्रत्येक नळीला, प्रत्येक जोडाला फासायचे. गॅस सुटत असेल तिथे फुगा यावा, हा हिशेब. "साबणाचा फुगा टिकत नाही. रिठ्याचा बघा कसा, कराडच्या माणसासारखा, बसला की बसला!" पण फुगा यायचाच नाही. मोटार मात्र अभ्यंगस्नान झाल्यासारखी चमकायची.

दुसरं वेड काचांचं. सरांच्या मोटारीत बसलं की पहिला हुकूम, "काच!" मे महिना असो, एसी मेलेला असो, काच वर. आपण बोटभर खाली केली की, "काच, काच! थंडी गळतीय!" अहो, आहे कुठे थंडी? पण सरांना कोण सांगणार.

वहिनी मात्र मोटारीत कधी दिसायच्या नाहीत. पूर्वी सेक्टर सतराच्या बाजारात, चौकात, संध्याकाळी सगळ्यांत पुढे, सगळ्यांत मोठ्याने हसणाऱ्या त्या. वर्षभरात आम्ही त्यांचं पाऊल घराबाहेर पाहिलं नव्हतं. "गुडघे," त्या म्हणायच्या. "गुडघे," सर म्हणायचे. आम्हीही मान डोलवत होतो.

मग सरांनी तो दिवा बनवला. खाली हातभर उंचीची गॅसची टाकी, वर तांब्याची चकती, बाजूला एक लांब रबरी नळी. ही नळी हवा ओढून ज्योतीकडे नेते. एरवी ज्योत निळी. एसीच्या गॅसचा नुसता वास लागला तरी ज्योत हिरवी. "आता कुठं पळते बघू!" असं म्हणून सरांनी माझ्या पाठीत थाप मारली आणि जूनच्या भर दुपारी मला मोहालीच्या वर्कशॉपात नेलं. एसीत नवा गॅस भरला. परत येताना वेशीवर पोलिसांचा नाका लागला.

वाळूची पोती. पोत्यांवर बंदुकीची नळी. एक इन्स्पेक्टर, एक जाडजूड मिशाळ हवालदार आणि आणखी दोन रायफली.

"डिक्की खोलो."

सरांनी डिक्की उघडली आणि मी तीत काय आहे ते पहिल्यांदा नीट पाहिलं. एक मोठा निळा सिलिंडर. दोन घड्याळांसारख्या तबकड्या. त्यांना लाल आणि निळ्या नळ्या. तो दिवा. आणि बाटलीत हलणारं, फेसाळणारं तपकिरी काहीतरी. देवाशपथ सांगतो, मी पोलीस असतो तर मीच आम्हाला अटक केली असती.

"ये क्या है?"

"गॅस है जी," सर उत्साहाने म्हणाले. जगात इतके शब्द असताना!

इन्स्पेक्टर एक पाऊल मागे सरला. रायफली एक पाऊल पुढे आल्या. माझे हात आपोआप वर गेले.

"और ये बोतल?"

"मिसेस के बाल धोने का है."

"मजाक करते हो?"

सरांना तेव्हा कुठे परिस्थिती कळली. एसी, गॅस, गळती, रिठे, सगळं त्यांनी कराडी हिंदीत सांगितलं. इन्स्पेक्टरने ऐकून घेतलं आणि दिव्याकडे बोट केलं. "जला के दिखाओ." एवढं बोलून तो पोत्यांआड गेला. त्याची माणसंही गेली. मी कुठे जायचं ते कोणी सांगितलं नाही, म्हणून मी हात वर करून तिथेच उभा. घाम डोळ्यांत उतरत होता आणि तो पुसायची माझी छाती नव्हती.

सरांच्या काड्या विझत होत्या. एक, दुसरी... मग फुर्र करून निळी ज्योत उठली. काही उडालं नाही. त्यांनी नळी बॉनेटखाली फिरवली. निळी. इंजिनापाशी निळी. पुढच्या जाळीपाशीही निळी.

"अंदर भी दिखाओ! पूरी गाडी!" पोत्यांमागून आवाज आला.

सर आत ओणवे झाले आणि डॅशबोर्डखाली घुसले. बाहेर फक्त त्यांची पाठमोरी बाजू, आणि हवालदाराने येऊन तिच्यावर रोखलेली रायफल.

"घावली!" आतून किंकाळी आली. "घावली, घावली, घावली!"

खट् खट् करून रायफली सज्ज झाल्या. मी रस्त्यावर आडवा. पुढचं सगळं मी डांबराच्या पातळीवरून पाहिलं. सर बाहेर आले, हातात दिवा, दिव्यात हिरवीगार ज्योत. डॅशबोर्डमागे जे थंड होणारं वेटोळं असतं, त्याचाच एक जोड गळत होता. तिथे रिठ्याचा ब्रश कधी पोचलाच नव्हता. सर लहान मुलासारखे हवालदाराला सांगत होते, "देखो जी, हरी! हरी हो गई!"

इन्स्पेक्टर पोत्यांआडून आला. त्याने ज्योत निरखून पाहिली. "प्रोफेसरसाब, इस खटारे में एसी की क्या जरूरत है?"

सरांचं हसू मावळलं. त्यांनी दिवा विझवला.

"बाजार में बम फटा था ना, उस दिन मेरी मिसेस वहीं थी," ते खाली बघून म्हणाले. "कुछ लगा नहीं उसको. लेकिन अब बाहर का आवाज सहन नहीं होता. बोलती है, काच बंद करो तो बैठूंगी. एक बार बंद करके ले गया, गर्मी से चक्कर आ गया उसको. इसलिए..."

मी अजून आडवाच होतो. उठायचं राहूनच गेलं.

"जाओ जी," इन्स्पेक्टर हळूच म्हणाला. "ठीक करा लो."

जोड डाख देऊन पक्का केला. आठवडा गेला, पंधरवडा गेला, थंडी टिकली. मग एका सकाळी वहिनी बाहेर आल्या. निळी साडी, पर्स छातीशी घट्ट. गुडघे अगदी ठणठणीत होते. पुढच्या सीटवर बसून त्यांनी डोळे मिटले. मी मागे. काचा वर, आत नुसती घूं घूं. सेक्टर सतराकडे निघालो.

चौकात नवा नाका. आणि तोच मिशाळ हवालदार, काठीने वहिनींच्या बाजूची काच वाजवत. टक् टक्. त्या इतक्या दचकल्या की पर्स पायाशी पडली. वाकून सरांनी हँडल फिरवलं आणि काच खाली आणली. भाजून काढणारी झळ आत आली, हॉर्न आले, शिट्ट्या आल्या. वहिनी आखडून बसलेल्या, मिटलेले डोळे आणखी घट्ट.

हवालदार आत डोकावला. डोकावला आणि तसाच राहिला. पाहण्यासारखं काही उरलं नव्हतं, पण त्याचा घामाने निथळणारा चेहरा गार झोतासमोरून हलेना. त्याने नकळत डोळे मिटले.

वहिनींनी हळूच आपले उघडले.

"हो गया ना जी?" म्हणत सरांनी घाईने हँडल धरलं. "काच... काच..."

वहिनींनी त्यांच्या हातावर हात दाबून धरला आणि त्या पूर्वीच्या खणखणीत आवाजात ओरडल्या, "अहो, राहू द्या ना उघडी! केवढा घामेजलाय बघा तो!"