पिलसुनच्या गाडीची थरथर

घाट उतरताना ब्रेकवर पाय पडला की पिलसुनच्या गाडीचं स्टिअरिंग हिवताप भरल्यासारखं थरथरायचं. त्यासरशी पिलसुनचं डोकंही तापायचं.

गांगनुंगच्या बाजारात तिचं सुक्या मासळीचं दुकान होतं. मालासाठी देग्वाल्योंगचा घाट चढायचा आणि भरल्या गाडीनिशी उतरायचा. छुसकचा सण तोंडावर आला होता. पितरांपुढे सुका मासा हवाच, त्यामुळे रोजची खेप चालू होती. गाडी दुरुस्त करणारा सांगहो हा तिचा सख्खा धाकटा दीर. त्याने आधी चाकांमधल्या ब्रेकच्या लोखंडी डिस्क घासून सपाट केल्या. आठवडाभर ब्रेक लावला की गाडी निमूट थांबायची, मग पुन्हा तेच. त्याने नव्या कोऱ्या डिस्क बसवल्या. त्याही थरथरू लागल्या.

पिलसुन तडक गॅरेजमध्ये गेली आणि चार गिऱ्हाइकांदेखत म्हणाली, "भावजी, भंगारातला माल नवा म्हणून घरच्याच माणसाच्या गळ्यात मारता?"

सांगहोने हातातला पाना खाली ठेवला. "वहिनी, तुम्ही ब्रेकवर उभ्या राहून घाट उतरता का?"

एवढं पुरे होतं. दीर चोर आहे, ही बातमी पिलसुनने संध्याकाळपर्यंत बाजारात दुकानोदुकानी पोचवली. ती सासूच्याही कानावर गेली. सणाच्या स्वयंपाकाला थोरल्या सुनेने आलं नाही तरी चालेल, असा निरोप आला. पिलसुननेही उलट निरोप धाडला, की बरं झालं, ब्याद टळली.

दुसऱ्या दिवशी प्रत्येक वळणावर गाडी थरथरत होती आणि पिलसुन दिरासाठी नवनव्या शिव्या जुळवत होती. घरी पोचली तरी ती खाली उतरली नाही. एक शिवी अजून मनासारखी बसत नव्हती. तेवढ्यात पुढच्या चाकापाशी चर्रर्र झालं आणि पांढऱ्या वाफेचा लोट उठला. गाडी पेटली असं वाटून तिने बाहेर उडीच टाकली. समोर नवरा हाकसू पाण्याचा पाइप धरून उभा होता.

"अगं, तू आतच होतीस?"

"अहो, हे काय चाललंय?"

"चाकं धुतोय. तू आत गेलीस की रोजच धुतो. गरम असताना घाण पटकन सुटते."

तापल्या कढईवर गार पाणी ओतलं की बूड वाकडं होतं, हे पिलसुनला कुणी शिकवायला नको होतं.

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं हे?"

"कुणी नाही," हाकसू अभिमानाने म्हणाला. "माझं मीच."

इतके दिवस दिरावर रोखलेला राग एकदम नवऱ्याकडे वळवताना तिला भोवळच आली. त्या रात्री हाकसू उपाशी झोपला.

सकाळी ती गॅरेजमध्ये गेली. माफी काही तोंडातून फुटेना. झालं ते मात्र तिने सांगितलं. सांगहो हसला नाही. म्हणाला, "बाजारभर मला चोर ठरवलंत ना, आता हेही बाजारभर सांगा."

दातओठ खात पिलसुन पुन्हा दुकानोदुकानी फिरली. पण बायकांनी गोष्ट अर्धीच ऐकली. "न सांगता धुतो? रोज?" सुके माकूळ विकणारीने विचारलं. दीर सुटला की अडकला, याच्याशी कुणालाच घेणंदेणं नव्हतं. त्या संध्याकाळी बाजारातल्या बऱ्याच नवऱ्यांचा उद्धार झाला, आणि दुसऱ्या दिवसापासून गल्लोगल्ली पाइप निघाले.

सण उलटला आणि सांगहोच्या दारात बाजारातल्या गाड्यांची रांग लागली. तक्रार एकच, ब्रेक लावला की थरथरते. त्याने फोन करून वहिनीचे अगदी मनापासून आभार मानले. पिलसुनला सणकून राग आला, पण तो कुणावर काढायचा, ते काही केल्या ठरेना.