राऊटरची खंडेनवमी

गंगापूर रोडवरच्या सायबर कॅफेत कुसाबाई झेंडूची पाटी घेऊन शिरल्या, तर त्यांचा लेक हर्षल टेबलाखाली राऊटरशी झटत आणि पुण्याचे साहेब टेबलापाशी. पोराचं तोंड पार उतरलेलं. सगळ्या कॉम्प्युटरवर एकच मजकूर झळकत होता: ‘आज खंडेनवमी. अवजाराला विश्रांती.’

कुसाबाईंनी पाटी खाली ठेवली. ही करणी त्यांचीच होती.

राऊटर म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरना इंटरनेट वाटून देणारा डबा. बनवणाऱ्यानं शिकवलं तेवढंच तो करणार. पण हर्षलनं अशी सोय केली होती, की ज्याला हवी ती सेवा त्यात घालता यावी. कुणाला उघडल्या उघडल्या लासलगावचा कांद्याचा भाव दिसावा, कुणाच्या पोरांना गेम दिसूच नयेत. असं काम आपल्या सायखेड्यात काय, अख्ख्या नाशकात कुणी केलं नाही, हे कुसाबाई गिऱ्हाइकाला फुलं मोजतानाही ऐकवायच्या. आज ते बघूनच पुण्याची कंपनी हर्षलला काम देणार होती.

“मंग आमची बी एक सेवा घाल,” श्रावणात कुसाबाई म्हणाल्या होत्या. “खंडेनवमीला अवजाराला कुणी हात लावायचा नाय. तू बी नाय!”

हर्षलनं हसत हसत पंचांगातली तारीख घातली. पुढं झेंडूच्या तोडणीत मायलेक दोघंही विसरले.

“आरं, काढून टाक ना ते!”

“कसं काढू? ‘तू बी नाय’ म्हणालीस ना? आज तो माझंपण ऐकत नाही.”

“बंद करून चालू कर.”

“केला. म्हणतो, उद्या या.”

कुसाबाई साहेबांपुढं झाल्या. “साहेब, पोराचा दोष नाय. खोडी माझी हाय.”

“म्हणजे ही सेवा तुम्ही सांगितलीत?”

“व्हय.”

“आणि घालणाऱ्यालाही ती मोडता येत नाही?”

“नाय ना मेली!”

साहेब खो खो हसत सुटले. “मावशी, मी दुसरं काय बघायला आलोय? काम तुमच्या पोराचंच.”

कुसाबाईंचा ऊर अभिमानानं भरून आला. “माझं लेकरू हाय ते!” असं त्यांनी दारातल्या रिक्षावाल्यालाही सांगितलं. मग राऊटरला हळदकुंकू वाहिलं, माळ घातली. तेवढ्यात साहेबांनी कामाचं पत्र लिहायला लॅपटॉप काढला.

“साहेब, हे तुमचं अवजारच ना?”

“हो, म्हणजे...”

लॅपटॉप मिटून राऊटरशेजारी गेला. त्यालाही हळदकुंकू लागलं, वर झेंडू बसला.

“अहो मावशी, मला आजच पुण्याला...”

“पुरणपोळी खावा, ऱ्हावा. उद्या सोनं घ्या, मंग न्या.”

साहेबांनी हर्षलकडं पाहिलं. हर्षलनं हात जोडले.

“साहेब, हिनं घातलेली सेवा मोडता येत नाही.”