शंखभस्माचा मान आणि राणीसाहेबांची घोडी

श्रीअन्नपूर्णेचे चरणीं मस्तक ठेवून आणि सकळ वाचकांच्या पोटास मुजरा करून लिहिले जाते जे, शके चौदाशें नव्वद, विभवनाम संवत्सरीं, एके राज्यीं लाडूबाई राणीसाहेब गादीवर होत्या. शूर, बोलक्या आणि ठेच्याच्या भारी शौकीन. त्यांस दुखणीं दोन. बाळपणापासून फेफरे येई, आणि अलीकडे आम्लपित्ताने उरांत होळी पेटे. राज्याचा दंडक ऐसा कीं, फेफरे आलियावर पुरते वर्ष निर्वेध जाईतों घोड्यावर मांड टाकूं नये. बिजली घोडीवर बसून दसऱ्याचे सीमोल्लंघन करावे, हा एकच ध्यास राणीसाहेबांनी घेतला होता, आणि अकरा महिने सुखरूप गेले होते.

मग पित्त वाढले म्हणोन उदरवैद्य त्रिंबकशास्त्री आपले शंखभस्म घेऊन चाकरीस आले. शिरवैद्य मोरंभट आधीचेच. सकाळची पहिली मात्रा कोणाची, यावरून मानपानाचा तंटा पडला. मोरंभट म्हणाले, "डोके वर, पोट खालीं. मान आमचा." शास्त्री म्हणाले, "पोटांतून गेलियाविना तुमची मात्रा डोक्यांत चढते कैसी?" दोघेही दरबारांत रुसून बसले, आणि मग कारभाऱ्यांनी निवाडा केला कीं, दोन्ही औषधें एकाच तबकांत, एकाच नगाऱ्यावर, एकाच घोटांत द्यावीं. वैद्य संतोष पावले, पेढे वाटले, आणि पंधरवड्यांत राणीसाहेबांस भर पंक्तींत फेफरे आले. ताकाची वाटी उडाली ती कारभाऱ्यांच्या पगडींत विसावली. शुद्धीवर येतां राणीसाहेबांनी पहिले विचारिले, "बिजली?" कारभाऱ्यांनी वर्षाचा दंडक आठवून दिला. त्या रडल्या, मग रागावल्या, मग ठेचा मागविला.

फेफरे येतच राहिले आणि दसरा हुकला. मग पौषांत शास्त्री लेकीकडे बारशास गेले ते महिनाभर राहिले. शंखभस्म बंद, राणीसाहेबांच्या उरांत आग आग, परंतु फेफरे एकदांही नाहीं. शास्त्री परतले आणि आठवड्यांत फेफरे पुन्हां आले. राणीसाहेबांनी बोटांवर दिवस मोजिले आणि दरबारांत पुसिले, "शास्त्रीबुवा, आपण गांवास गेलां कीं आमचे फेफरेही जाते. हे काय गौडबंगाल?" शास्त्र्यांचा चेहरा उतरला. मोरंभट आनंदाने मांडी थोपटूं लागले, ते एकाएकीं थांबले. "सरकार, शंखभस्म माझी मात्रा पोटांतच अडकवून ठेविते! अंगीं लागेल कशी?"

"मग हे निवाड्याचे वेळीं कां नाहीं बोललां?"

"तेव्हां मानाचे चालले होते, सरकार."

राणीसाहेब इतुक्या हसल्या कीं आंबट ढेकर आला. हुकूम सुटला कीं, आधीं शिरवैद्याची मात्रा, मग पाच घटका नुसते थांबणे, मग शंखभस्म. आणि राणीसाहेबांनी ठेचा आपणहून निम्मा केला, तो पराक्रम लढाईहून थोर जाणावा.

मग शके चौदाशें ब्याण्णव, प्रमोदनाम संवत्सरीं, वर्षाहून अधिक काळ निर्वेध गेला आणि दसऱ्यास राणीसाहेब बिजलीवर चढल्या. लगाम दुसऱ्या कोणी धरिला नाहीं. त्यांचे डोळे भरून आले. सीमेवर पोहोंचतां नगारा झाला, मात्रा घेतली, आणि भस्म घेतलियाविना पुढे पाऊल नाहीं म्हणोन सारी फौज पाच घटका स्तब्ध उभी राहिली. पलीकडच्या राजाने इतुकी निश्चळ फौज कधीं देखिली नव्हती. तो घाबरला आणि त्याने तहाची पालखी धाडिली. राणीसाहेबांनी भस्म चाटून तह केला.

सारांश, राज्य वाढले नाहीं, पित्त गेले नाहीं, फेफरे समूळ सुटले ऐसेही कोणी म्हणूं नये. दोन्ही दुखणीं नांदतात, मध्यें पाच घटका ठेवून. राणीसाहेब घोड्यावर आहेत.